टेकडीवरची शाळा

गेल्या भाद्रपदात आम्हां उभयतांस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात दोन महिने राहण्याचा योग आला. आमचे पुतणे तेथील सीसाइड नावाच्या गावी रुग्णालयात वैद्यकी करतात. घरी सूनबाई, शाळेत जाणारी दोन मुले आणि आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्यांच्या मातोश्री, अशी मंडळी आहेत. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे थकले, पण वाणी कऱ्हाडची, ती काही थकलेली नाही.

पोर्टलंड शहरापासून सीसाइड सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. रस्ता देवदार आणि सूचिपर्णी वृक्षांच्या दाट अरण्यातून डोंगर ओलांडून जातो आणि डोंगर उतरताच खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. गाव लहान, परंतु मोठे देखणे. समुद्राला लागून दीड मैल लांबीचा फरसबंद पादचारी मार्ग आहे. शंभर वर्षांपूर्वी तो बांधला गेला आणि आजही संध्याकाळी सारे गाव त्यावर लोटते. दक्षिणेस टिलामूक हेड नावाचा डोंगर समुद्रात घुसला आहे. गावाच्या मधून नेकॅनिकम नदी किनाऱ्याला समांतर वाहते. तिच्या पलीकडे आणखी एक ओढा आणि त्याही पलीकडे पूर्वेस टेकड्या. पुतण्यांचे भाड्याचे घर नदी आणि समुद्र यांच्यामधल्या सखल पट्टीवर होते. पहिल्या सकाळी खिडकीतून ती निळाई पाहून आम्हांस गुहागरची आठवण झाली. आम्ही तसे बोलून दाखविताच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दारामागच्या खुंटीकडे पाहा आणि मग गुहागर म्हणा."

खुंटीवर दोन पाठपिशव्या लटकत होत्या. त्यांत पाण्याच्या बाटल्या, विजेरी, औषधे, जादा चष्मा, उबदार कपडे, भाजलेले दाणे, गूळ आणि वहिनींची पोथी. याखेरीज पोटमाळ्यावर दोन आठवडे पुरेल इतके धान्य आणि पाणी साठविलेले होते. मोठ्या आपत्तीनंतर दोन आठवडे बाहेरून मदत येणार नाही असे धरून चाला, हा तेथील सरकारचा प्रत्येक कुटुंबास उपदेश आहे. गावात हिंडू लागल्यावर रस्तोरस्ती निळ्या पाट्या दिसल्या. त्यांवर उसळती लाट, चढण चढणारा मनुष्य आणि टेकडीची दिशा दाखविणारा बाण. शेजारच्या कॅनन बीच गावाने तर भोंग्याची चाचणी घेताना प्रवाशांनी घाबरू नये म्हणून भोंग्यातून गाईचे हंबरणे ऐकविण्याची प्रथा पाडली, हे ऐकून आमची बरीच करमणूक झाली.

या सगळ्या सिद्धतेचे कारण समुद्रतळाशी आहे. उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडातील व्हँकूव्हर बेटापर्यंत सुमारे १००० किलोमीटर लांबीच्या रेषेवर समुद्राखालचा एक भूपट्ट अमेरिका खंडाच्या भूपट्टाखाली सरकत असतो. या भागास कॅस्केडिया म्हणतात. हे सरकणे सुरळीत होत नाही. दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून बसतात, वरच्या पट्टाची कड शतकानुशतके वाकत आणि फुगत जाते, आणि एके दिवशी ती अडकण सुटते. तेव्हा जमीन तीन ते पाच मिनिटे हालत राहते, फुगलेला किनारा एकाएकी खाली बसतो, आणि समुद्रतळ उसळल्यामुळे उठलेली पहिली लाट पंधरा-वीस मिनिटांत गावात शिरते.

असे मागे केव्हा घडले, याचा शोध मोठा मनोरंजक आहे. त्या प्रदेशात त्या काळी लेखनविद्या नव्हती. परंतु वॉशिंग्टन राज्यात कोपालिस नदीच्या मुखाजवळ देवदारांचे एक मृत वन उभे आहे. जमीन खचून मुळांशी खारे पाणी आल्याने ते वृक्ष जागच्या जागी मेले. १९८० च्या दशकात ब्रायन अॅटवॉटर या भूशास्त्रज्ञाने दलदलीत गाडलेल्या जुन्या भूमीचे थर शोधून काढले. पुढे वृक्षांची वलये मोजली गेली, तेव्हा त्यांचे शेवटचे वलय १६९९ सालच्या उन्हाळ्याचे निघाले. इकडे जपानी दप्तरांत अशी नोंद होती की, जानेवारी १७०० मध्ये कोणताही धक्का न जाणवता समुद्राची लाट आली आणि किनाऱ्यावरील घरे मोडून गेली. या बिनधन्याच्या लाटेचा उगम जपानी शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिला: २६ जानेवारी १७०० च्या रात्री नऊच्या सुमारास कॅस्केडियात सुमारे ९ प्रतीचा भूकंप झाला होता. झाडांनी साल सांगितले आणि दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कारकुनांनी तास सांगितला! मूळच्या रहिवाशांत मात्र ही आठवण कथारूपाने जिवंतच होती. व्हँकूव्हर बेटावरील पचीना उपसागराच्या काठचे गाव हिवाळ्यातील एका रात्री नाहीसे झाले आणि उंचावर राहणारे तेवढे वाचले, असे तेथील वृद्ध सांगत आले होते.

तेव्हापासून सव्वातीनशे वर्षे लोटली. पुढील ५० वर्षांत सबंध रेषा तुटण्याचा संभव दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा आकडा मोठा चमत्कारिक. घर सोडून पळून जावे इतका तो मोठा नाही आणि निश्चिंत झोपावे इतका लहानही नाही. आम्ही पुतण्यांस विचारले, "मग येथे राहता कसे?" ते म्हणाले, "काका, चला, तुम्हांला शाळा दाखवितो."

शाळा गावाच्या पूर्वेस टेकडीवर, अरण्याच्या कडेला आहे. पूर्वी गावातील बहुतेक शाळा समुद्राच्या पाण्याच्या वाटेत, सखल जागी होत्या. त्या हलवाव्यात म्हणून करवाढीचा प्रस्ताव २०१३ साली लोकांपुढे आला, तेव्हा मतदारांनी तो फेटाळला. खर्च डोळ्यांना दिसत होता आणि लाट दिसत नव्हती, हे त्याचे सरळ कारण असावे. परंतु निवृत्त झालेल्या शाळाप्रमुखांनी विषय सोडला नाही. एका लाकूड कंपनीने टेकडीवरील ८० एकर जागा दान दिली, शाळेतील विद्यार्थी स्वतः प्रचारास बाहेर पडले, आणि २०१६ साली त्याच मतदारांनी जवळजवळ दहा कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. २०२० साली मुले टेकडीवर गेली. सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. पुराच्या पट्ट्यात नव्या शाळा आणि रुग्णालये बांधू नयेत असा नियम ओरेगन राज्याने १९९५ साली केला होता. किनाऱ्यावरील गावे त्यामुळे ओस पडतील, या कारणास्तव तो २०१९ साली उठविण्यात आला. त्या म्हणण्यातही तथ्य नाही असे नाही. माणसांस धोक्याबरोबर उपजीविकाही पाहावी लागते.

परत आल्यावर पुतण्यांनी घरातील सर्वांस टेकडीच्या वाटेने एकदा घड्याळ लावून चालण्याचा आग्रह केला. अंतर मैलाहून थोडे अधिक, आणि वाटेत दोन पूल. मोठ्या धक्क्यात असले जुने पूल टिकतील की नाही याची तज्ज्ञांस शंका आहे. मुले चौदा मिनिटांत वर पोहोचली, आम्ही उभयता बावीस मिनिटांत. वहिनींस काठी टेकीत चौतीस मिनिटे लागली. वर पोहोचल्यावर कोणीच काही बोलेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "हिशेब झाला ना? आता त्या दिवशी मला समुद्राकडे तोंड करून खुर्चीवर बसवा आणि तुम्ही सगळे निघा."

पुतणे एकदम म्हणाले, "आई, असे होणार नाही. मी येऊन तुला पाठीवर घेईन."

"आणि रुग्णालयातल्यांना कोण घेईल?" वहिनींनी विचारले. त्यावर पुतण्यांजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री जेवणे उदास झाली. सूनबाई पाने वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "आई, तुम्ही थांबायचे ठरविलेत तर हे रुग्णालय सोडून घरी धावत येतील. यांच्या मागे मी थांबेन. मुले टेकडीवर सुखरूप असतील, पण ती वर बसून कोणाची वाट पाहतील? तुम्ही एकट्या नाही थांबत, आम्हां सर्वांना थांबवता."

आमच्या वाचकांपैकी जे एकत्र कुटुंबात वाढले आहेत त्यांस या शब्दांचे वजन सांगावयास नको. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, जेथे १८९६ आणि १९३३ साली अशा लाटांनी गावेच्या गावे धुवून नेली, तेथे 'त्सुनामी तेंदेन्को' अशी एक शिकवण आहे. लाट आली की ज्याने त्याने आपापले धावावे, आईने मुलासाठी आणि मुलाने आईसाठी थांबू नये, असा तिचा अर्थ. प्रथम ऐकताना ती आम्हांस निष्ठुर वाटली. ज्या संस्कारांत आपण वाढलो त्यांत म्हाताऱ्यांस मागे टाकून पळणे हे पातकच. परंतु तिचा खरा आशय निराळा आहे. मूल वर गेले आहे असा आईचा विश्वास असेल तरच आई वर जाईल, म्हणून तो विश्वास आधीच, घरी बसून, परस्परांत बांधून ठेवावा. दुबळ्यांस टाकून देण्यास ती सांगत नाही. त्यांना कोणी न्यावयाचे हेही आधीच ठरलेले असावे लागते. कामाइशी या गावी ही शिकवण मुलांस शाळेत दिली जात होती. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात तेथील सुमारे ३००० शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सर्वच वाचली, आणि मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरून त्यांस वर नेले. सीसाइडची शाळा टेकडीवर गेली याचा खरा लाभही हाच. गावातील प्रत्येक आई आता उलट्या दिशेने, मुलास आणावयास, धावणार नाही.

हे आम्ही बोलत असता वहिनींस एक जुनी रात्र आठवली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या नव्यानेच लग्न होऊन आमच्या कऱ्हाडच्या घरात आल्या होत्या, आणि आम्ही शाळकरी होतो. धक्का बसताच सारे घर जागे झाले, परंतु बाहेर कोणीच पडेना. आजोबा देव घेतल्यावाचून हालत नव्हते, आजी आजोबांवाचून, आई आजीवाचून, आणि आम्ही पोरे आईचा पदर धरून माजघरात उभी. सर्व जण सर्वांची वाट पाहत घरातच राहिलो. अंगणात आल्यानंतर थोड्याच वेळाने मागची भिंत कोसळली. "देवाने राखले," असे आजवर आम्ही म्हणत आलो. वहिनी म्हणाल्या, "देवाने राखले खरे, पण भाऊजी, दर वेळी त्याच्यावर किती भार टाकायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा वहिनी दाराशी कॅनव्हासचे बूट घालीत होत्या. तेव्हापासून पाऊस नसेल त्या दिवशी त्या नातीचा हात धरून टेकडीच्या वाटेने चालू लागल्या. आमचा मुक्काम संपला तेव्हा त्यांची वेळ अठ्ठावीस मिनिटांवर आली होती. अठ्ठावीस मिनिटे पुरेशी नाहीत हे त्यांस ठाऊक आहे. म्हणून पुतण्यांनी समुद्राचे दृश्य सोडून ओढ्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी घर पाहिले. तेथून वहिनींस दहा मिनिटे लागतात, आणि वाटेत पूल नाही. रुग्णालयातून आपण घरी येणार नाही, असे पुतण्यांनी मातोश्रींस आणि मातोश्रींनी पुतण्यांस स्पष्ट सांगितले आहे. जेथे सर्वांनी भेटावयाचे, ते शाळेचे पटांगण.

मुंबईस परतल्यावर एकदा चौपाटीवर बसलो असता मनात आले, आपला समुद्र तितका कोपिष्ट नाही हे खरे. तरी २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि त्यांनी काही माणसे नेली, हे आज कितीजणांच्या घरी सांगितले जाते? मकरान दूर असल्याने आपल्या हाती काही तास तरी असतात, आणि २००४ च्या अनर्थानंतर हैदराबादेस सूचना देणारे केंद्रही २००७ पासून चालू आहे. परंतु सूचना आल्यावर कोणी कोणाची वाट पाहावयाची आणि कोणाची नाही, हे कोणतेही केंद्र सांगू शकत नाही. ते घरातच ठरावे लागते.

असो. वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. पुढल्या एखाद्या सुटीच्या दिवशी, सर्व मंडळी जेवून पानसुपारीस बसली असता, हा विषय काढावा. म्हाताऱ्यांस वाईट वाटेल म्हणून तो टाळू नये. आमच्या वहिनींचा फोन परवा आला होता. म्हणाल्या, "आता नऊ मिनिटे, भाऊजी."