सरकारचं पासबुक

२००२ साली मी नोकरी सोडली तेव्हा घरात चर्चा झाली ती पीएफची आणि लोक काय म्हणतील याची. इन्कम टॅक्सचं नावही कुणी काढलं नाही. काढणार कसं? पगारदाराची आणि कराची कधी समोरासमोर भेटच होत नसे. एनएससी आणि एलआयसीच्या पावत्यांच्या झेरॉक्स अकाउंट्समध्ये द्यायच्या, मार्चचा पगार रोडावला की कुरकुर करायची आणि फॉर्म सोळा हातात पडला की 'सरल' रिटर्नचा कागद भरून मोकळं व्हायचं.

पुण्यात मी स्वतःचं आर्किटेक्टचं ऑफिस थाटलं, म्हणजे भाड्याच्या खोलीत एक ड्रॉइंग बोर्ड टाकला. पहिल्या वर्षी आलेला प्रत्येक चेक मला माझाच वाटला. एक बिल्डर फीमधून टीडीएस कापायचा. तो कापलेला कर आपल्या नावावर धरून घ्यायचा तर फॉर्म सोळा-ए रिटर्नला टाचणीने जोडावा लागे, आणि त्या एका कागदासाठी मी त्याच्या ऑफिसात खेटे घातले. "सोमवारी या, साहेबांची सही राहिलीय." असे चार सोमवार गेले. कागद मिळाला तर त्यावर पॅन नंबर चुकलेला!

खर्चाचा हिशेब म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ट्रेसिंग पेपर, अमोनिया प्रिंट, साइटवर जायचं पेट्रोल, सगळ्याच्या चिठ्ठ्या त्यात. आमचे सीए तो टेबलावर उपडा करायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा असतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तेही उशिरा, व्याज लागल्यावर. पुढच्या वर्षी १५ मार्चला बँकेच्या रांगेत उभा होतो. चलान चार प्रतींचं, मध्ये कार्बन. तिसऱ्या प्रतीवर आकडा उमटला नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवलं होतं.

माझ्या भाचीने गेल्या सप्टेंबरअखेर नोकरी सोडली. तीही याच धंद्यातली, इंटिरियर करते. तिला ना डबा, ना टाचणी. कुणी किती टीडीएस कापला ते फोनवर दिसतं, कर रात्री अकरा वाजता पलंगावर बसून भरता येतो. चिठ्ठ्यांचं तर नावच नाही. २०१६-१७ पासून आमच्यासारख्या व्यावसायिकांना ४४एडीए हे कलम मिळालं. मिळालेल्या फीच्या निम्मं उत्पन्न दाखवा, मग खर्चाच्या वह्या कुणी मागत नाही. माझ्या त्या डब्याचा विचार केला की थोडा मत्सर वाटतो, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत ती लॅपटॉप घेऊन आली. "मामा, टॅक्स लागायचाच नाही ना? पगारातून तर रुपयाही कापला नव्हता."

नव्हताच कापला. महिना लाखाचा पगार, म्हणजे वर्षाचे १२ लाख. त्यातून पगारदाराची ७५ हजारांची वजावट गेली की नव्या करप्रणालीत कर शून्य. कंपनीने तेवढंच पाहिलं. ती ऑक्टोबरपासून काय कमावणार, हे कंपनीला कुठून ठाऊक? सहा महिन्यांचा पगार ६ लाख. नंतर फ्लॅटवाल्यांकडून आलेली फी १६ लाख, त्याचे निम्मे ८. बेरीज १४, वजावटीनंतर सव्वातेरा. बारा लाखांची रेषा एवढी ओलांडली की शून्य कराची सगळी सवलतच जाते. घरमालक काही टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे आधी भरलेलंही काही नाही. सेससकट ८१,९०० रुपये, १५ मार्चच्या आत.

ती आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि हा प्रोफेशन टॅक्स?" पगारपत्रकावर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले तिने इतकी वर्षं पाहिले होते, पण वाचले नव्हते. आता ते अडीच हजार तिने स्वतः नाव नोंदवून भरायचे. रोजगार हमीसाठी सुरू झालेला कर, ७५ सालचा, एवढं मला सांगता आलं. जीएसटी सध्या दूर आहे. वर्षाची फी २० लाखांच्या वर गेली की बोलू.

मग मी कपाटातून माझं जुनं पासबुक काढलं. व्याज बसल्यावर दुसऱ्या वर्षी उघडलेलं खातं. मुखपृष्ठावर बायकोच्या अक्षरात 'सरकारचं' लिहिलंय. दर चेकमधून थोडं तिथे टाकायचो. मधल्या पानावर एकदा मोठी रक्कम काढल्याची नोंद आहे, त्या मे महिन्यात आम्ही सिमल्याला गेलो होतो.

भाचीने त्याच रात्री फोनवर दुसरं खातं उघडलं. नाव ठेवलं, 'हात लावू नकोस'. मी ते सिमल्याचं पान मिटून पासबुक कपाटात ठेवलं.