ठशामागचे हात

आमच्या अमरावतीच्या खोलींत भिंतीवर एका जपानी चित्राची प्रतिकृति टांगलेली आहे. शांत समुद्रांतलीं शिडाचीं गलबतें, पाण्यांत लांबवर पडलेलें त्यांचें प्रतिबिंब आणि सकाळचें सोनेरी आभाळ, एवढाच तिचा पसारा. वस्तुतः मूळ चित्र कुंचल्यानें रंगविलेलें नसून लाकडी ठशांवरून कागदावर उतरविलेलें आहे. हें कळल्यापासून त्याकडे पाहतांना आम्हांस थोडी शरम वाटते. ती कां, तेंच येथें सांगावयाचें आहे.

या चित्राचे कर्ते हिरोशी योशिदा १८७६ सालीं क्यूशू बेटावरील कुरुमे येथें जन्मले. त्यांचे गुण पाहून चित्रकलेच्या शिक्षकानेंच त्यांस दत्तक घेतलें. तरुणपणीं ते पाश्चात्य पद्धतीचीं चित्रें काढीत, व तीं घेऊन १८९९ सालीं अमेरिकेसही जाऊन आले. ठशांकडे ते वळले १९२० सालीं, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, आणि तेंही एका प्रकाशकासाठीं. १९२३ च्या भूकंपाच्या आगींत त्या प्रकाशकाचें दुकान ठशांसकट जळालें. तेव्हां योशिदांनीं १९२५ सालीं स्वतःचाच कारखाना काढला. १९३०-३१ मध्यें मुलासह ते हिंदुस्थानांत हिंडले. ताजमहाल, काशी, उदेपूर त्यांनीं ठशांत आणलें. १९५० सालीं ते वारले.

जपानांतला जुना रिवाज असा कीं, चित्रकारानें रेखाटावें, कोरक्यानें तें चेरीच्या लाकडावर कोरावें, छापणाऱ्यानें रंगविलेल्या ठशावर ओलसर कागद ठेवून बांबूच्या सालींत गुंडाळलेल्या चकतीनें घासावा, आणि प्रकाशकानें विकावें. कागद दर खेपेस त्याच जागीं बसावा म्हणून ठशाच्या कडेस खांचा असतात. योशिदांच्या एकेका चित्रास सरासरी तिसांहून अधिक वेळां असा ठसा बसे. आमच्या भिंतीवरचीं गलबतें त्यांनीं १९२६ सालीं, केवळ रंग पालटून, त्याच ठशांवरून सकाळीं, धुक्यांत, सायंकाळीं, रात्रीं अशीं निरनिराळीं छापलीं.

चित्रावर चित्रकाराची सही असे, प्रकाशकाची मुद्रा असे. कोरक्याचें नांव क्वचितच. योशिदांनींही कारागीर ठेवले होते. परंतु आधीं त्यांनीं कोरणें व छापणें स्वतः शिकून घेतलें. आपल्या देखरेखीखालीं छापलेल्या चित्राच्या समासांत ते 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेलें', अशी मुद्रा उमटवीत. तींत कारागिरांवर थोडा अन्याय आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी ज्यानें तें काम स्वतः शिकून घेतलें, त्यास असें म्हणण्याचा कांहीं तरी अधिकार पोंचतो. आम्हांस तो नव्हता.

आमच्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पऱ्हाटीचें झाड हवें होतें. अकोल्यास मोर्णेच्या कांठीं जुन्या शहरांत एक वृद्ध सुतार लाकडांत नक्षी कोरीत. त्यांस आम्हीं आमचें रेखाटन दिलें. त्यांनीं तें उलटसुलट पाहिलें आणि म्हणाले, "भाऊ, बोंड असं फुटत नाई." मग शेतांतून एक डहाळी आणून, ती समोर ठेवून त्यांनीं सागवानाचा ठसा कोरला. आमचें बोंड त्यांत राहिलें नाहीं. खरें बोंड आलें.

पुस्तक निघालें. मुखपृष्ठाची वाखाणणी झाली व ती आम्हीं मुकाट्यानें स्वीकारली. प्रत द्यावयास गेलों तेव्हां त्यांनीं ठशावरून फिरवावा तसा मुखपृष्ठावरून हात फिरविला आणि विचारलें, "याच्यात माहं नाव कोठी आहे?" लेखकाचें नांव होतें, प्रकाशकाचें होतें, छापखान्याचेंही होतें. "दुसऱ्या आवृत्तींत घालूं," असें आम्ही बोलून गेलों. घरीं परततांना ध्यानांत आलें कीं त्यांचें नांव आम्हांस ठाऊकच नव्हतें. आम्ही त्यांस नुसतें 'मिस्त्री' म्हणत होतों.

दुसरी आवृत्ति निघाली नाहीं. पुष्कळ वर्षांनीं अकोल्यास गेलों तेव्हां त्या घराला कुलूप होतें. शेजारच्या म्हातारीस विचारलें. "मिस्त्री ना? ते तं कवाचेच गेले," ती म्हणाली. नांव तिलाही सांगतां आलें नाहीं.

ठसा आमच्याजवळ आहे. लांकूड अद्याप शाबूत आहे. शाई लावली तर बोंड आजही तसेंच उमटतें.