काचेच्या टाकीतला नखवाला बेडूक

शेपूट जिरली की पाण्यातून जमिनीवर येणारा प्राणी, ही बेडकाची शालेय पुस्तकातली ओळख आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाला लागू पडत नाही. झेनोपस लेविस या शास्त्रीय नावाचा हा बेडूक मूळचा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला असून तो सारे आयुष्य तळ्या-डबक्यांच्या गढूळ पाण्यात काढतो आणि पाणी आटलेच तर चिखलात रुतून पावसाची वाट पाहतो. त्याला जीभ नाही, हलणाऱ्या पापण्या नाहीत आणि कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही. डोळे माथ्यावर असून वर रोखलेले असतात, तर मागच्या प्रत्येक पायाच्या तीन बोटांना काळी नखे असतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या बारीक रेघांची रांग दिसते, ती त्याची पार्श्वरेषा, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म हालचाल टिपणारे, एरवी माशांत आढळणारे इंद्रिय होय.

असा प्राणी दिवाणखान्यात आला तो प्रयोगशाळेच्या मार्गाने. लान्सलॉट हॉग्बेन हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ केपटाउनमध्ये काम करीत असताना, पीयूषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरकग्रंथीचा) अर्क टोचला की या बेडकाची मादी अंडी घालते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच 1930 च्या दशकात गर्भनिदानाची चाचणी उभी राहिली. स्त्रीचे मूत्र मादीला टोचायचे आणि एका रात्रीत अंडी पडली तर गर्भ आहे असे समजायचे, ही पद्धत 1960 च्या दशकापर्यंत अनेक देशांत रूढ होती. पुढे जॉन गर्डन यांनी याच बेडकावर केलेल्या केंद्रक-प्रत्यारोपणाच्या प्रयोगांना 2012 च्या नोबेल पारितोषिकात मान मिळाला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तगणारा बेडूक घरीही तगेल, हा तर्क खरा ठरला. मात्र तगतो म्हणून तो पाळायला सोपा, हा त्यापुढचा समज फसवा आहे.

पहिली फसगत दुकानातच होते. जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचे पिल्लू ‘बुटका बेडूक’ म्हणून विकले जाते. खरा बुटका बेडूक, म्हणजे काँगो खोऱ्यातला हायमेनोकायरस, चार सेंटीमीटरच्या पुढे क्वचितच जातो आणि त्याच्या पुढच्या पायांच्या बोटांनाही पडदे असतात. नखवाल्याची पुढची बोटे सुटी असतात आणि त्याची मादी दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत वाढते. ही खूण न पाहता त्याला रंगीत माशांत सोडणाऱ्याच्या टाकीतले मासे एकेक करून नाहीसे होतात.

त्याचे जेवण पाहण्यासारखे असते. गांडुळाचा तुकडा टाकीत पडला की बेडूक लगेच झेपावत नाही. वास आणि पाण्यातली थरथर पोहोचली की पुढचे दोन्ही हात पसरून तो तळ चाचपतो, बोटांना अन्न लागताच दोन्ही हातांनी ते तोंडात कोंबतो आणि तुकडा मोठा असेल तर मागचा पाय पुढे आणून नखांनी तो फाडतो. जीभ नसल्याचा तोटा हात आणि नखे असे भरून काढतात. पोट भरल्याची जाणीव मात्र त्याला फारशी नसावी, कारण मिळेल तितके तो गिळत राहतो. म्हणून प्रौढाला गांडुळे किंवा त्याच्यासाठीचे तयार दाणे आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावेत. या हावरटपणामुळेच तळाशी बारीक खडी नको, ती अन्नाबरोबर पोटात जाते; एक तर मऊ वाळू असावी, नाही तर तोंडात न मावणारे गोटे.

एका प्रौढ बेडकाला सुमारे 40 लिटर पाणी लागते, तेही क्लोरिन काढलेले. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये करतात. म्हणून फिल्टर हवाच, पण त्याचा प्रवाह मंद असावा, कारण जोराचे पाणी पार्श्वरेषेला सतत छळते. बेडूक फुप्फुसांनी श्वास घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात हवा राहिली पाहिजे, झाकण जाळीचे आणि वजनदार असले पाहिजे; बाहेर पडलेला बेडूक पलंगाखाली कोरडा पडून मरतो.

काही दिवसांनी तो कात टाकतो आणि ती पातळ त्वचा हातांनी ओढून खाऊनही टाकतो. नवख्या माणसाने त्याला आजार समजू नये. रात्री नर पाण्याखालीच टिकटिक आवाज काढतो. मीलनाला तयार असलेली मादी त्याला जलद ठोक्यांनी उत्तर देते, तयार नसलेली संथ टिकटिकीने. घरात हा आवाज घड्याळाचा वाटून दुर्लक्षित राहतो.

महाराष्ट्रात त्याला पाळण्यातली खरी अडचण उन्हाळ्याची आहे. त्याला 18 ते 22 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर मे महिन्यात मुंबईच्या घरातलेही पाणी सहज 30 अंशांकडे जाते. पाणी थंड ठेवण्याची कायमची सोय नसेल तर हा बेडूक आणू नये, हेच योग्य. शिवाय नीट सांभाळला तर तो 15 वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो, म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू पुढे त्या मुलाच्या आईवडिलांच्या गळ्यात पडते. कंटाळून सोडून दिलेले किंवा निसटलेले असे बेडूक कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली येथे पाण्यात स्थिरावले असून स्वतः आजारी न पडता ते इतर उभयचरांना घातक ठरणारी कायट्रिड बुरशी वाहू शकतात. तेव्हा नकोसा झालेला बेडूक विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. सांभाळणारा दुसरा कोणी मिळेपर्यंत ज्याने आणला त्यानेच तो ठेवावा.