न्यायमंदिराबाहेरचे आजोबा आणि माझ्या पुतणीचा कंपायलर

बडोद्याच्या आठवणी म्हटल्या की आपल्याकडे दांडिया बाजार, कमाटीबाग आणि लीलो चिवडा ठरलेला. आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण तोही फिरून बडोद्यालाच येतो. तेव्हा सांभाळून घ्या.

मी बरीच वर्षं इथल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मुलांना सी ही संगणकाची भाषा शिकवली. आता निवृत्त आहे. माझ्या भावाची मुलगी जर्मनीत असते. नोकरी सांभाळून ती एका ओपन सोर्स कंपायलरच्या कामाला हातभार लावते, बिनपगारी. दर रविवारी आमचा फोन होतो आणि बहुतेक वेळा भांडणही.

कंपायलर म्हणजे दुभाष्या. प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं, यंत्राला कळतात फक्त शून्य आणि एक. मधे बसून उलथा करतो तो कंपायलर. तुमच्या फोनमधलं बँकेचं ॲप असो की दवाखान्यातलं मशीन, कुठल्या तरी दुभाष्याच्या हातून ते गेलेलं असतंच.

आमचे आजोबा हेच काम कागदावर करायचे. सुरसागरासमोर न्यायमंदिराबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, मराठीत आणि गुजरातीतही. त्यांचा एक नेम होता. लिहून झालं की सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा. घाई असलेली माणसं वैतागायची. पण या नेमामागे आमच्या वाड्यातल्या एका काकूंची गोष्ट होती. नवरा गेल्यावर त्यांना घर गहाण टाकायचं होतं. दुसऱ्या एका लिहिणाऱ्यानं कागद केला, काकूंनी अंगठा उठवला आणि वर्षभरानं कळलं की ते खरेदीखत होतं. घर गेलं. काकू बोलल्या ते बरोबरच होतं, यंत्रणेनं वाचलं तेही बरोबर. घात झाला तो मधल्या मधे.

युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी 1984 साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात कंपायलरबद्दल नेमकी हीच भीती मांडली. कंपायलरला अशी लबाडी शिकवता येते की लॉगिनच्या प्रोग्रामचा उलथा करताना तो गुपचूप एक चोरदरवाजा ठेवून देईल. आणि स्वतःचाच उलथा करायची वेळ आली की ती लबाडी नव्या प्रतीतही उतरवेल. मग मूळ मजकूर कितीही तपासा, तो स्वच्छच दिसणार. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मुलं हसायची, मॅडम, असं कोण करतंय! 2015 साली चीनमध्ये ॲपलच्या एक्सकोडची भेसळ केलेली प्रत पसरली. ती वापरून बनवलेल्या ॲपमध्ये बनवणाऱ्यांच्या नकळत नको तो कोड शिरला. वीचॅटसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं.

आता एखाद्या दडपशाहीच्या देशातला पत्रकार डोळ्यांसमोर आणा. तो टोर ब्राउझर वापरतो, कारण कोणाशी बोलला हे सरकारला कळलं तर थेट तुरुंग. त्याच्यासाठी कंपायलर हा जिवाशी गाठ असलेला मामला आहे. म्हणून टोरच्या लोकांनी 2013 च्या सुमारास अशी पद्धत बसवली की एकाच मूळ मजकुराचा वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या यंत्रांवर उलथा केला तरी तयार फाइल शेवटच्या बिटापर्यंत सारखी यावी. एखाद्याला धमकावलं किंवा त्याचं यंत्र फोडलं, तर त्याची फाइल बाकीच्यांशी जुळणार नाही आणि लबाडी उघडी पडेल. डेबियनवालेही त्याच वाटेनं गेले. पण हे जमायचं तर कंपायलर सगळ्यांच्या हाती हवा आणि आतून बघता येईल असा हवा.

असा पहिला मोठा कंपायलर म्हणजे जीसीसी. 1987 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी तो खुला केला. कुठल्याही कामासाठी चालवा, आतून वाचा, बदला, वाटा. आमच्या प्रयोगशाळेत तो आला संगणकाच्या मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून. तोवर विकतच्या कंपायलरनं चुकीचं उत्तर दिलं तर मुलांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं, डबा बंद! जीसीसीचा डबा उघडा होता. एका मुलानं महिनाभर त्यात डोकं घातलं होतं. परीक्षेत काठावर पास झाला, पण चेहरा बघायला हवा होता त्याचा.

आता आमचं भांडण. 2019 साली अमेरिकेत कोरलाइन एडा एमकी यांनी हिपोक्रॅटिक लायसन्स नावाचा परवाना लिहिला. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा भंग होईल अशा कामाला हे सॉफ्टवेअर वापरायचं नाही, ही त्याची अट. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या संस्थेनं सांगितलं की हे आमच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्या व्याख्येत कुठल्याही माणसाला किंवा कामाला आडकाठी करता येत नाही. आमच्या पुतणीला मात्र ती अट आपल्या कंपायलरला हवी होती.

"आत्या, मी रात्री जागून लिहायचं आणि कोणीतरी त्यातून लोकांवर पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर बनवायचं?"

मी म्हटलं, आजोबा सावकाराचेही अर्ज लिहायचे.

"सगळ्यांचे नाही लिहायचे. बाबांनी सांगितलंय मला." हेही खरं. विधवा सुनेला घराबाहेर काढायला खोटानाटा मजकूर लिहून मागणाऱ्या एकासमोर आजोबांनी दौतीला बूच लावलं होतं. "आणि त्यांना समोरचा माणूस दिसत होता गं. मला दिसतो का?"

यावर मला दोन दिवस काही सुचलं नाही. मग वाटलं, आजोबांनी त्या माणसाला आपला हात नाकारला, बाराखडी नाही नाकारली. सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा हे पोर शिकून पुढे काय लिहिणार, असं कोणी विचारलं नव्हतं. कंपायलर मला बाराखडीच्या जागी वाटतो. शिवाय अत्याचार करणारा परवाना वाचून थांबत नाही. थांबते ती वकील न परवडणारी छोटी संस्था. पुतणी म्हणाली, चोर कायदा पाळत नाही म्हणून कायदाच नको का? मुद्दा खोटा नाही.

मग मी तिला हंसाबेन मेहतांचं सांगितलं. बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, पुढे आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू. 1948 च्या त्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम "सर्व पुरुष" अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणार होतं. हंसाबेननी आग्रह धरून तिथे "सर्व मानव" करून घेतलं. पुतणीला हे माहीतच नव्हतं. क्षणभर गप्प झाली आणि म्हणते, मग तर अट घालायलाच हवी! मी सत्ताविसावं कलम काढलं, विज्ञानाच्या प्रगतीत आणि तिच्या फायद्यांत प्रत्येकाचा वाटा. तिनं तिसावं काढलं, या जाहीरनाम्याचा आधार घेऊन त्यातलेच हक्क मोडायचा अधिकार कोणालाही नाही. रात्री साडेबारापर्यंत चाललं होतं.

त्यांच्या गटानं शेवटी परवाना खुलाच ठेवला. तिनं ते मानलं, काम सोडलं नाही. दोन वर्षांनी चेहरे ओळखून पाळत ठेवणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलं, आमच्या प्रोग्रामसाठी हाच कंपायलर घोटून दे, पगार जवळजवळ दुप्पट. तिनं नाही म्हणून कळवलं. भाऊ अजून चिडलेला आहे. कंपनी तो कंपायलर वापरतही असेल, तिला कोणी अडवलेलं नाही. परवाच्या रविवारी पुतणी म्हणाली, अट असती तर निदान कोर्टात तरी जाता आलं असतं. आमचं अजून मिटलेलं नाही.

न्यायमंदिराबाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्यांबद्दल कोणाच्या घरी काही आठवणी किंवा कागद असतील तर खाली जरूर लिहा. आजोबांच्या हातचा एकही अर्ज आमच्याकडे राहिलेला नाही.