आधी चादर, मग स्लीपिंग बॅग

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

आल्प्समधल्या हटच्या, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घराच्या, आरक्षणात ‘ह्युटनश्लाफझाक बंधनकारक’ असं आलंय आणि तुला प्रश्न पडलाय की तिथे ब्लँकेट मिळतं, मग ही पातळ खोळ कशाला? आणि घ्यायची तर सुती की रेशमी? उत्तर थोडं मागून सुरू करावं लागेल, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शाळामास्तर. वर्गात कोंडून शिकवण्यापेक्षा मुलांना पायी हिंडवणं त्यांना जास्त पटे. १९०९च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत वादळानं गाठलं. एका गावातली सुट्टीमुळे रिकामी असलेली शाळा उघडून मिळाली, मुलांच्या अंगाखाली पेंढा पसरला गेला. मुलं झोपली, मास्तर मात्र जागेच. गावोगावच्या शाळा सुट्टीत अशाच रिकाम्या असतात, मग हिंडणाऱ्या मुलांना तिथे रात्रीपुरता आसरा का मिळू नये? त्या रात्रीच्या विचारातून यूथ हॉस्टेल आलं. १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उघडलं. ते आता संग्रहालय म्हणून जपलंय, जमलं तर जरूर बघून ये.

आसरा स्वस्त ठेवायचा तर रोज ढीगभर चादरी धुणं परवडत नाही. म्हणून पुढे देशोदेशीच्या हॉस्टेलांत रीत पडली, घोंगडी तिथली आणि आतली चादर ज्याची त्याची. चादर रात्री सरकते, म्हणून ती पिशवीसारखी शिवायची. आपल्याकडच्या यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकला आम्हीही घरची चादर दुमडून, कडा शिवून न्यायचो.

हटवर तर हे आणखी गरजेचं. तिथे सामान हेलिकॉप्टरनं किंवा मालवाहू रोपवेनं चढतं, पाणी जपून वापरावं लागतं. ब्लँकेटं रोज धुतली जात नाहीत. काल त्यात कोणी घामेजलेला झोपला होता, उद्या दुसरं कोणी झोपणार. तुझी खोळ तुला त्यांच्यापासून वाचवते हे खरं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ती ब्लँकेटला तुझ्यापासून वाचवते. ऊब दुय्यम. पाकिटावर अमुक अंशांची ऊब वाढते असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नकोस. स्वतःची पिसांची स्लीपिंग बॅग असली तरी हाच हिशेब. अंगाचं तेल आणि सनस्क्रीन झिरपून पिसं चिकटतात, फुलत नाहीत, आणि ती बॅग धुणं जिकिरीचं.

आता कापड. हट ते हट चालणार असशील तर रेशमीच घे. दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, मुठीत मावते, धुतली की लवकर वाळते. सुती दुप्पट जड आणि ओली झाली की ओलीच राहते. फ्लीस मात्र नको, पंधरा माणसांच्या खोलीत उकडून जीव जाईल. घेताना उलटी करून शिवण बघ. कडेची चीर संपते तिथेच रात्री कूस बदलताना सगळा ताण येतो. तिथे उलटसुलट टाके घातलेले नसतील तर रेशीम तिथूनच उसवतं. उशीसाठी खिसा हवाच, उशीही सामायिक असते.

शहरातल्या हॉस्टेलांचं वेगळं. बरीच हॉस्टेलं आता स्वतःच चादरी देतात, आणि ढेकणांच्या भीतीनं बाहेरची स्लीपिंग बॅग आत आणू देत नाहीत. नियम आधी वाच. खोळीनं ढेकूण अडतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, ते खोळीच्या तोंडातून सहज आत शिरतात. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले तर सरळ खोली बदलून माग. आणि अशा मुक्कामांना सुतीच ने. ती घरी येऊन ६० अंशांवर धुता येते, त्या उष्णतेत ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. रेशीम एवढं सोसत नाही, त्याला कोमट पाणी आणि सावली.

रेशमी तिकडेच घे. सुती मी शिवते. मांजरपाट जड होईल आणि मलमल टिकणार नाही, म्हणून कॅम्ब्रिक आणलंय. तुझी उंची कळव, म्हणजे वर उशीपुरतं कापड धरून बेतायला घेते. दिवाळीनंतर तुझे बाबा येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवीन.

तुझी,
आत्या