काशीगाव ते काशी, व्हाया गायमुख

मीरा रोड स्टेशनबाहेर रिक्षात बसा आणि ‘काशीगाव’ म्हणा. रिक्षावाला मागे वळून बघेल आणि विचारेल, ‘काशीमिरा ना?’ काशी आणि मिरे ही दोन शेजारची गावं. हायवेच्या नाक्यावर त्यांची नावं अशी चिकटली की नुसतं काशीगाव म्हणणारे आमच्यासारखे जुने लोकच उरले. आता मेट्रो-९ च्या स्टेशनला हे नाव मिळालंय. मे २०२५ मध्ये मेट्रोची चाचणी झाली तेव्हा बातम्यांमध्ये ‘दहिसर ते काशीगाव’ ऐकून माझ्या आईने शेजारच्या तीन काकूंना फोन केले होते.

मुद्दा असा, की काशीगावात राहणाऱ्या दोन मुलींनी रोड ट्रिप ठरवायची म्हटली तर ती काशीलाच जाणार, नाही का?

आम्ही ती ठरवली २०११ मध्ये. त्या वर्षी ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ग्रुपने कुठे ना कुठे जायचं ठरवलं. बहुतेकांची गाडी लोणावळ्याला थांबली. माझी मैत्रीण (आम्ही एकमेकींना कॉलेजपासून ‘पार्टनर’ म्हणतो, तेव्हा इथेही पार्टनरच) दुसऱ्या दिवशी आयशरचा रोड अ‍ॅटलस घेऊन आली. नाक्यावरच्या टपरीवर कटिंग पीत आम्ही तो उघडला. समोरून आरजे, एचआर, टीएन नंबरांचे ट्रक जात होते.

पहिला प्लॅन होता सुवर्ण चतुष्कोनाचा. दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मुंबई, असा सगळा देश गुंडाळून परत काशीगाव. ५,८४६ किलोमीटर! १९९९ मध्ये पायाभरणी झालेला हा प्रकल्प तेव्हा जवळपास पूर्ण होत आला होता आणि त्याची एक बाजू आमच्या घरावरून जात होती. आपला हायवे त्या काळी नॅशनल हायवे ८ होता, नंतर ४८ झाला. नव्या नंबराने तो दिल्लीहून निघतो आणि मुंबई, पुणे, बंगळुरू करत थेट चेन्नईला जातो. म्हणजे टपरीवरून डावीकडे वळलं तर दिल्ली, उजवीकडे वळलं तर चेन्नई. आम्ही वळलो घरी, कारण आठ वाजले होते आणि पार्टनरच्या बाबांची शिट्टी ऐकू आली होती.

मग खर्चाचा हिशेब झाला, सुट्ट्यांचा झाला, आणि ५,८४६ चे झाले १,५००. काशीगाव ते काशी. नाव तर भन्नाट होतं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘काशीस जावे, नित्य वदावे.’ ज्यांना ही म्हण माहीत नाही त्यांच्यासाठी : काशीला जायचंय असं रोज म्हणत राहावं, म्हणण्याचंही पुण्य लागतं. आम्ही चौदा-पंधरा वर्षं भरपूर पुण्य कमावलं.

२०१४ मध्ये ट्रिप रद्द झाली, माझ्या ऑफिसात अप्रेझल होतं. २०१७ मध्ये रद्द झाली, माझं लग्न होतं. एप्रिल २०२० ची तारीख ठरली होती, त्याबद्दल काही सांगायलाच नको. २०२३ मध्ये पार्टनरने स्वतःची गाडी घेतली, रजा टाकली, आणि आठवडाभर आधी माझी कंबर धरली. प्रत्येक वेळी कारण माझं. पार्टनर कधी काही बोलली नाही. ती शीटवरची तारीख बदलायची आणि मला नवी कॉपी पाठवायची.

या वर्षी तिने कॉपीसोबत एक ओळ पाठवली : ‘पुढच्या महिन्यात बंगळुरू. गाडीही नेतेय. हे शेवटचं व्हर्जन.’

तिला तिथे नोकरी लागलीय. दोन नोकऱ्यांच्या मधे तिच्याकडे तीन आठवडे मोकळे आहेत. मग ती, तिचा संसार आणि ती पांढरी गाडी हायवे ४८ नेच निघून जाणार. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिची नोंदणीही बदलावी लागते. थोडक्यात, एमएचची पाटी जाऊन केएची येणार. ते वाचल्यावर मी पहिल्यांदा शीट नीट उघडली, आणि ‘ड्रायव्हर’ या कॉलमपाशी अडकले. तिथे एक दिवस तिचं नाव, एक दिवस माझं, असं लिहिलं होतं.

आता खरं सांगते. माझ्याकडे लायसन्स २०१३ पासून आहे. मी मॉलला गाडी नेते, भाईंदरला नेते. हायवेवर मी कधीच गाडी चालवली नव्हती. हायवेला लागून वाढलेल्या माणसाला हायवे म्हणजे ओलांडायची गोष्ट असते, त्यावरून जायची नाही. लहानपणी आजी एका हाताने माझं मनगट आणि दुसऱ्या हाताने भाजीची पिशवी धरून उभी राहायची, ट्रकांमध्ये फट मिळाली की ‘पळ’ म्हणायची. ते ‘पळ’ माझ्या पोटात अजून आहे. अप्रेझल खरं होतं, लग्न तर खरंच होतं, कंबर मात्र अजिबात दुखत नव्हती.

हे मी पार्टनरला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘मला २०१७ पासून माहितीये. रविवारी सहाला खाली ये.’

पहिल्या रविवारी आम्ही फक्त पूल ओलांडला. आमच्याकडचा हा वर्सोवा पूल. अंधेरीच्या वर्सोव्याशी त्याचा काही संबंध नाही, जवळच्या वरसावे गावावरून ते नाव आलंय. (आमच्या एका लग्नाला आठ पाहुणे त्या नावापायी अंधेरीला जाऊन आले होते.) वसईच्या खाडीवर २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला आणि इथली कोंडी थोडी तरी सुटली. पुलावर चढलं की खाडीवरचा वारा गाडीला कडेला लोटतो, आणि त्याच वेळी उजवीकडून टँकर जातो. मी चाळीसच्या वेगाने स्टीअरिंगला लोंबकळत होते. पार्टनर खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘आधी आरसा, मग इंडिकेटर, मग लेन. घाबरायचं असेल तर गाडी उभी असताना घाबर.’

दुसऱ्या रविवारी विरार फाटा. तिसऱ्या रविवारी मनोरचा मस्तान नाका, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. चहा प्यायलो आणि परत येताना मी एका ट्रेलरला ओव्हरटेक केलं. त्याला किती वेळ लागला ते विचारू नका. ट्रेलरवाल्यालाच दया आली असावी.

तर आता प्लॅन. तुम्हालाही कधी जायचं असेल तर उपयोगी पडेल.

आम्ही इंदूर-झाशीचा रस्ता सोडून समृद्धी महामार्ग निवडलाय. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाले. कसारा घाटात आता जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जायचं. वेगमर्यादा १२० आहे. पण रस्ता सरळ आणि रिकामा असला की डोळे उघडे राहतात आणि डोकं झोपतं. जुलै २०२३ मध्ये सिंदखेड राजाजवळ रात्री खासगी बस पेटून २५ जण गेले, ते विसरण्यासारखं नाही. म्हणून आमचा नियम : अंधार पडायच्या आत मुक्काम, दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि निघण्याआधी टायर बघून घ्यायचे. तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर तग धरत नाही. आणखी एक नियम फक्त बायकांना कळेल : स्वच्छ टॉयलेट दिसलं की गरज असो-नसो, थांबायचं.

पहिला मुक्काम लोणार. पार्टनरला एका दिवसात नागपूर गाठायचं होतं, मी अडून बसले. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये झालेलं पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं सरोवर आपल्याच राज्यात आहे आणि मी ते फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलंय! २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेले होतो. मेहकरला समृद्धीवरून उतरलं की ते फार लांब नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरवरून हायवे ४४ ने शिवनी. मधे पेंचचं जंगल लागतं. तिथे रस्ता उचलून खांबांवर घेतलाय, वर गाड्या आणि खाली वाघ. पुढे जबलपूर, कटनी आणि मैहर. मैहरला शारदामातेचं देऊळ आहे, आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तिथेच राहिले, रविशंकरांना सतार तिथेच शिकवली. तिसरा मुक्काम तिथे. चौथ्या दिवशी रीवा, मग विंध्य उतरून मिर्झापूर, मग काशी. चार दिवस जायला, दोन दिवस तिथे, चार दिवस यायला. शनिवारी निघून पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी परत, म्हणजे रजा सहाच. बॉसला हे सहा दिवस सांगताना मी कंबर धरली नाही, एवढी प्रगती.

खर्च? जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे मिळून बत्तीसशे किलोमीटर धरलेत. लिटरला सोळा मिळाले तरी दोनशे लिटर पेट्रोल, म्हणजे वीस-एकवीस हजार. नऊ रात्रींचे साधारण तेवढेच. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास आला, तेव्हा तो तीन हजारांचा होता. राष्ट्रीय महामार्गांवर तो चालतो, पण समृद्धी राज्याचा असल्याने तिथे चालत नाही. तिथला टोल एका बाजूला दीड हजाराच्या आसपास वेगळा धरा. खाण्यापिण्यासकट दोघींत साठ हजार. एवढ्यात विमानाने चार वेळा काशी होईल असं नवरा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण विमानाने जायचं असतं तर २०११ मध्ये अ‍ॅटलस कशाला उघडला असता?

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. ‘काशीला सोडणार काय?’ काशीला गेल्यावर आवडती भाजी किंवा फळ कायमचं सोडायचं असतं. पार्टनरने लगेच कारलं जाहीर केलं. कारलं सोडणाऱ्यांची काशीत रांग लागत असेल! आजी मात्र तिच्या काळात सीताफळ सोडून आली होती, आणि दर दिवाळीच्या सुमारास ती फळवाल्याच्या हातगाडीकडे बघायची नाही.

आणि मराठी माणसाला काशीत परकं वाटायचं कारणच नाही. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं. भोसले घाट आहे, शिंदे घाट आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव, ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, हे काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ. मला तो मोहल्ला पायी फिरायचाय. पार्टनरला फक्त पहाटेची नाव आणि मलइयो हवंय, आणि ते थंडीतच मिळतं म्हणून सगळी ट्रिप जानेवारीत ढकललीय.

शीटच्या शेवटच्या पानावर तिने एक नाव लिहून ठेवलंय, विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ मध्ये काकांना घेऊन उत्तरेकडे निघाले, डोक्यावरचं कर्ज फेडायला. दोघं नेमके बंडात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, लुटले गेले, तरी काशी गाठली आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आलं. नावापुढे पार्टनरने कंसात लिहिलंय : ‘यांच्याकडे फास्टॅग नव्हता. तुझी कारणं बंद.’

निघणार शनिवारी पहाटे साडेचारला. कारण घोडबंदर रोड. एकेकाळी या बंदरावर घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणतात. आता गायमुखच्या चढावर एक कंटेनर बंद पडला तर घोडाही परवडला असं वाटतं. सहाच्या आत ठाणं पार झालं नाही तर लोणार विसरा. त्यामुळे दीड हजार किलोमीटरमधला सगळ्यात अवघड टप्पा आमच्या घरापासून दहाएक किलोमीटरवर आहे, अंधारात, चढावर, ट्रकांच्या मधे.

काल रात्री शीट पुन्हा आली. ‘ड्रायव्हर’चा कॉलम बदलला होता. ‘काशीगाव ते आमणे’ समोर माझं नाव होतं. मी फोन केला आणि म्हटलं, ‘अगं, निदान गायमुखपर्यंत तू घे.’

‘मी झोपणार आहे,’ ती म्हणाली. ‘आमण्याला उठव. आणि पेट्रोल आदल्या रात्रीच भर, सकाळी पंपावर वेळ काढायचा नाही.’