धड आणि हेड

वेताळपंचविशीतील अदलाबदल झालेल्या मस्तकांची कथा साहित्याच्या वाचकांना नवी नाही. देवीपुढे दोन पुरुष आपली शिरे अर्पण करतात, ती पुन्हा जोडताना गोंधळात उलटसुलट होतात, आणि आता त्या स्त्रीचा पती कोणता, असा प्रश्न वेताळ विचारतो. विक्रमाचा निवाडा स्पष्ट आहे: सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ; ज्या देहावर पतीचे शिर, तोच पती. टोमास मान यांनी १९४० साली आणि गिरीश कार्नाड यांनी १९७१ च्या 'हयवदन'मध्ये हा निवाडा पुन्हा तपासायला घेतला. आमच्यावर तो तपासण्याची वेळ आली ती एका इंजिनामुळे.

डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्या ओळखीचे एक काका राहतात. त्यांच्याकडे १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आहे. पुण्याहून इकडे आल्यानंतर पहिल्या बचतीतून त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली. इंजिन ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली घडून १९५५ च्या मॉडेलांबरोबर रस्त्यावर आलेल्या 'स्मॉल ब्लॉक' घराण्यातले. काकांना ही गाडी मुलीच्या हाती सोपवायची होती, पण चालती. आम्ही तिघा मित्रांनी इंजिन उघडले. मशीन शॉपमध्ये हेडवर चुंबक लावून लोखंडाची बारीक भुकटी शिंपडली, तेव्हा ती दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमधल्या केसाएवढ्या चिरेवर जमा झाली. दुसऱ्या हेडचीही तीच गत होती. ब्लॉक मात्र ठणठणीत निघाला. धड शाबूत, शिरे नवी हवीत.

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचे नाक आणि कंठ. हवा आत घेण्याचे व धूर बाहेर सोडण्याचे मार्ग, व्हॉल्व्ह, आणि जिथे ठिणगी पडते ती ज्वलनकोठी, हे सारे त्यातच असते. त्यामुळे मोठे हेड म्हणजे मोठी ताकद, असे कोणालाही वाटावे. आमच्यापैकी एकाचा जीव शर्यतीच्या ॲल्युमिनियम हेडांवर जडला होता. वजन लोखंडी हेडांच्या जवळपास निम्मे, आणि हवेच्या प्रत्येक मार्गाचे आकारमान २२० घनसेंटिमीटर. परीक्षणयंत्रावरचे त्यांचे आकडे खरोखरच डोळे दिपवणारे होते. पण ते आकडे व्हॉल्व्ह पुरता उघडा असतानाचे. काकांचे इंजिन आयुष्याचा बहुतेक काळ मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर काढणार. तेवढ्या मागणीसाठी मार्ग अतिरुंद असला की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे कण तिच्याबरोबर तरंगत न राहता भिंतींना चिकटतात, आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. नदीचे पात्र रुंद झाले की धार मंदावते, तसेच हे.

दुसरा पर्याय होता जुन्याच जातीची, त्याच काळातली हेडे शोधण्याचा. त्यात निष्ठा होती. पण त्या निष्ठेत १९७१ नंतरची एक तडजोडही होती. कमी ऑक्टेनच्या, शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने तेव्हा इंजिनांचा दाब घटवला होता. ज्वलनकोठी सुमारे ७६ घनसेंटिमीटरची. आमचे गणित असे निघाले की एका सिलिंडरचे ७१६ घनसेंटिमीटर आणि आमचे सपाट पिस्टन धरून दाबाचे गुणोत्तर ८.५ वर येते; कोठी ६४ ची असेल तर तेच ९.६ होते. त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते.

म्हणून आम्ही तिसऱ्या पर्यायाकडे वळलो: १९९६ पासून पिकअप ट्रकांवर आलेली 'व्होर्टेक' हेडे. बिडाचीच, ६४ ची कोठी, १७० च्या आसपासचा मार्ग, आणि खिशाला परवडणारी. अटीही होत्या. व्हॉल्व्ह फार उंच उचलणारा कॅमशाफ्ट त्यांना मूळ स्थितीत चालत नाही, आणि इनटेक मॅनिफोल्ड वेगळे घ्यावे लागते. सौम्य कॅमशाफ्ट आम्हांला हवाच होता. मॅनिफोल्ड विकत घेतले.

अडचण निराळीच उद्भवली. जुनी व्हॉल्व्ह कव्हरे कडेच्या बोल्टांनी बसतात, व्होर्टेकची मधल्या बोल्टांनी. पन्नास वर्षे बॉनेट उघडले की जे पहिले दिसे, ते नारिंगी रंगाचे कव्हर आता बसणार नव्हते. काका बराच वेळ ते हातात धरून उभे होते. मग त्यांनी विचारले, "अरे, मग ही माझीच गाडी राहते का रे?"

"काका, नंबर बघा," आम्ही म्हणालो. त्या काळात गाडीच्या ओळख क्रमांकाचा (व्हीआयएन) अंश कारखान्यात इंजिनावरही कोरला जाई. तो हेडवर नसतो. ब्लॉकच्या पुढच्या भागात, उजव्या हेडच्या अगदी पुढे असतो. आम्ही मळ पुसला. आकडे जागच्या जागी होते. काकांनी त्यांवरून बोट फिरवले आणि कव्हर फडताळात ठेवून दिले.

विक्रमाचा निवाडा माणसांपुरता खरा असेल. इंजिनात शिराचे मोल धडावरून ठरते: कॅमशाफ्ट किती उचलतो, पिस्टन कसा आहे, गाडी कुठे आणि कोण चालवणार आहे. सर्वोत्तम हेड असे काही नसते. या धडाचे हेड असते. मे महिन्यात काकांच्या मुलीने नोव्हा वुडवर्ड ॲव्हेन्यूवर काढली. काका शेजारी बसले होते, आणि प्रत्येक सिग्नलला खिडकीची काच खाली करून नुसते ऐकत होते.